घोड्याला दिवसभर चरू द्या

संपादक साहेब, मागच्या महिन्यात माथेरानला गेलो होतो, दस्तुरी नाक्यावर नेहमीसारखी घोड्यांची रांग. एका तांबड्या घोडीच्या तोंडाकडे लक्ष गेलं तर ओठाचा कोपरा लगामाने सोलवटलेला, त्यावर माशा. मुलीने हट्ट केला तरी आम्ही चालतच गेलो. घोडेवाल्यांना शिव्या द्यायला हे लिहीत नाहीये, तिथे मोटारी बंद आहेत आणि त्यांची घरं याच जनावरांवर चालतात. पण काटेरी लगाम तर 1965 च्या केंद्राच्या नियमांनीच बंद केलेत, ते तरी कुणी तपासतं का?

मी लहानपणी आजोबांकडे घोडी बघितलीय, दिवसभर माळावर चरायची. घोड्याचं पोट अंगाच्या मानाने लहान असतं आणि त्यात आम्ल सतत तयार होत राहतं, त्यामुळे थोडं थोडं गवत दिवसभर तोंडात लागतं. आपण काय करतो, सकाळ-संध्याकाळ तोबऱ्यात हरभरा आणि मधे उभं बांधून ठेवायचं, मग पोटदुखी होते आणि लोक म्हणतात नजर लागली. निदान कडबा तरी समोर ठेवा की!

तोंडात लोखंड नसलेला, नाकाच्या हाडावर दाब देणारा लगाम पण मिळतो, शांत घोड्याला तो पुरतो. नाल काढा असं मात्र मी म्हणणार नाही, दगडी रस्त्यावर रोज ओझं वाहणाऱ्या घोड्याचा खूर झिजतो. पण गिऱ्हाईक कमी असतं त्या पावसाळ्यात नाल काढून खुरांना आराम द्यायला काय हरकत आहे?

– एक वाचक, कर्जत