ट्रोजन लघुग्रहांबरोबर धुळीचाही विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुरूच्या कक्षेत, ग्रहाच्या ६० अंश पुढे आणि ६० अंश मागे राहून फिरणाऱ्या ट्रोजन लघुग्रहांविषयी लिहिताना, सूर्य आणि गुरू यांच्या आकर्षणामुळे ते लाग्रांज बिंदूंभोवती, म्हणजे कक्षेतल्या याच दोन स्थानांभोवती, टिकून राहतात, एवढेच बहुधा सांगितले जाते. जर्मन खगोलशास्त्रज्ञ माक्स वोल्फ यांना १९०६ मध्ये सापडलेल्या अकिलिजसारख्या मोठ्या खडकापुरते ते पुरेसे आहे. परंतु या खडकांच्या टकरींतून उडणाऱ्या, जेमतेम मायक्रॉनभर (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या) आकाराच्या धुळीला ते पुरत नाही.

इतक्या लहान कणावर सूर्यप्रकाशाचा दाब सूर्याची ओढ काही अंशी कमी करतो. त्यामुळे गुरूइतक्याच काळात, म्हणजे ११.८६ वर्षांत, प्रदक्षिणा पूर्ण करायची तर कणाला सूर्याच्या थोडे जवळून फिरावे लागते. त्यातच अतिनील किरणांमुळे कणातून इलेक्ट्रॉन निसटतात, तो धनभारित होतो, आणि सौरवाऱ्याबरोबर, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणाऱ्या भारित कणांच्या प्रवाहाबरोबर, येणारे चुंबकीय क्षेत्र त्याला ढकलू लागते. कणाची त्रिज्या निम्मी झाली, की सूर्याच्या ओढीच्या तुलनेत प्रकाशाचा दाब साधारण दुप्पट होतो, तर वस्तुमानाच्या प्रमाणात विद्युतभार चौपट होतो. म्हणूनच कण जितका बारीक, तितका त्याच्यावर चुंबकीय बलाचा अंमल अधिक. गुरूच्या अंतरावर हे क्षेत्र जवळजवळ कक्षेच्या दिशेने वळलेले असल्याने धक्का मुख्यतः कक्षेच्या पातळीच्या वर किंवा खाली बसतो. सूर्याच्या स्वतःभोवतीच्या सुमारे २७ दिवसांच्या फेऱ्यात क्षेत्राची दिशा उलटसुलट होऊन त्यातला बराचसा परिणाम पुसला जातो. पण सूर्याचे चुंबकीय ध्रुवही सुमारे ११ वर्षांनी उलटतात, आणि हा काळ गुरूच्या वर्षाच्या इतका जवळचा आहे, की एका प्रदक्षिणेचा हिशेब करून भागत नाही, अनेक सौरचक्रांची बेरीज मांडावी लागते. या विषयातले खरे सौंदर्य मला येथेच दिसते.

१९९२ मध्ये गुरूजवळून जाताना युलिसीस यानाने धुळीचे वेगवान झोत टिपले, ते यानावर धूलिमापक होता म्हणूनच. ऑगस्ट २०२७ मध्ये युरिबेट्स या ट्रोजनापाशी पोहोचणाऱ्या नासाच्या लुसी यानावर कॅमेरे आणि वर्णपटमापक आहेत, धूलिमापक नाही, ही मला मोठी उणीव वाटते. त्या भेटीच्या निमित्ताने आपल्या विज्ञान पानावर लेख येतील, तेव्हा त्यांत या भारित धुळीलाही जागा मिळावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सांगली