१८ जानेवारी

नोव्हाय, मिशिगन
रविवार, १८ जानेवारी २००९

प्रिय बाळ्या,

तारीख बघ, गिरणी संपाची. मुद्दाम आज लिहायला बसलोय.

दिवाळीपासून तुला एक ओळ पाठवली नाही. तुझी दोन पत्रं आली, दोन्ही इथे टेबलावर आहेत. नोव्हेंबरात सीएसटीवरच्या हल्ल्याच्या बातम्या बघून फोन केला तेवढाच, तोही तू घरी पोचलायस हे ऐकून ठेवला. रागावला असशील तर बरोबर आहे तुझं. माझी तब्येत ठीक. साखर थोडी वाढलीय, गोळी सुरू आहे. हिची पाठ बरी. बर्फ गुडघाभर. झालं.

गेल्या आठवड्यात मी अकरा नावं लिहून दिली.

सोमवारी साहेबाने बोलावलं. तुझ्या खात्यात एकतीस माणसं आहेत, वीस ठेव, बुधवारी नावं दे. आम्ही सीटखालचे रूळ बनवतो हे तुला माहीत आहे, गाडीची सीट पुढेमागे सरकते ते. गाड्याच खपत नाहीत, तर रूळ कोण घेणार? दोन वर्षांपूर्वी या देशात वर्षाला १ कोटी ६० लाख गाड्या खपायच्या. डिसेंबरात जो वेग होता, त्याने वर्षाचा हिशोब १ कोटीच्या जरा वर जातो. साहेबाची चूक म्हणवत नाही. त्यालाही वरून आकडा आलेला.

मंगळवारी रात्री स्वयंपाकघरात कागद घेऊन बसलो. ही दोनदा येऊन बघून गेली, काही बोलली नाही. आणि बाळ्या, मला सारखे आमचे अण्णा दिसत होते. टाइम ऑफिसातला तो लांब हजेरीपट, कानावर पेन्सिल. ऑगस्ट ८२ मध्ये, तुझे दादा संपावर असताना, ते जाळीच्या गाडीत बसून गिरणीत गेले त्या सकाळी मी गॅलरीत होतो, आणि तू खाली नळावर. वर बघून तू जे म्हणालास ते मी इथे लिहीत नाही. आठ महिने आपण बोललो नाही. मग तुम्ही बिऱ्हाड हलवून पाटणला गेलात, आणि गणपतीतली कॅरमची फायनल अर्धीच राहिली. (राणी माझीच होती. कव्हर झालं होतं. तू आजही नाही म्हणशील.)

म्हणून हे तुलाच लिहितोय. इथे कुणाला सांगू? संक्रांतीला मंडळात सगळे तिळगूळ वाटत होते आणि प्रत्येकाच्या बोलण्यात तेच, तुमच्याकडे काय, आमच्याकडे काय. आपल्यातले एक गृहस्थ म्हणाले, कामगारांनीच बुडवल्या कंपन्या, तासाला सत्तर डॉलर घेतात. मी गप्प बसायला हवं होतं, पण नाही बसलो. सत्तर हा पगार नव्हेच. जुन्या कामगाराच्या हातात तासाला २८ डॉलरच्या आसपास पडतात, नव्याला २००७ च्या करारानंतर १४. बाकीचा आकडा कुठून येतो? विमा, इतर खर्च, आणि तीस वर्षं राबून निवृत्त झालेल्या लाखो म्हाताऱ्यांचं औषधपाणी. तो सगळा खर्च आज कामावर असलेल्यांच्या तासांनी भागला की सत्तर होतात. म्हाताऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन तरण्या फिटरच्या नावावर मांडायचं आणि म्हणायचं, बघा किती खातो! गिरणी कामगार माजलेत असं म्हणणारे आपल्याकडे कोण कोण होते ते आठवलं, आणि माझा आवाज चढला. हिने हात धरून बाहेर नेलं.

परवा मंगळवारी दुपारी बारा वाजता ओबामा शपथ घेतील. सगळं शहर त्याच्याच गोष्टी करतंय. माझ्या खात्यातल्या काळ्या बायका ऑक्टोबरपासून रडायच्या आणि हसायच्या, तुला बघायला मिळायला हवं होतं. पण त्या माणसाच्या पुढ्यात काय वाढून ठेवलंय! गेल्या वर्षी २६ लाख नोकऱ्या गेल्या, त्यातल्या पाच लाखांवर एकट्या डिसेंबरात. आमच्या राज्यात नोव्हेंबरातच बेकारी साडेनऊ टक्क्यांच्या वर होती. इथल्या रिझर्व्ह बँकेने व्याजदर शून्यावर आणून ठेवला, आता त्याखाली जाता येत नाही. बँकांना द्यायचे ७०० अब्ज डॉलर ठरले, त्यातला उरलेला अर्धा भाग गेल्या गुरुवारी सिनेटने मोकळा केला. त्याच दिवशी खालच्या सभागृहाने ८२५ अब्जांचा मसुदा काढला. रस्ते, शाळा, वीज, करात सूट, सगळं आहे त्यात. जो तो सांगतोय की पहिलं माझं काम करा. बँकवाला म्हणतो बँक, घर जप्त होणारा म्हणतो घर, इथले म्हणतात गाड्या.

मला विचारशील तर मी तुला एका माणसाचा हिशोब सांगतो.

अकरा नावांतलं चौथं नाव टूलरूममधल्या माणसाचं. वय ५८. मी इथे नवा आलो तेव्हा पत्रा कापायची डाय कशी ऐकायची ते त्याने शिकवलं. हो, ऐकायची. प्रेस खाली आला की आवाजावरून तो सांगायचा धार गेलीय म्हणून. लायन्स, आमची इथली फुटबॉलची टीम, सोळाच्या सोळा सामने हरली तरी दर सोमवारी येऊन पुढच्या वेळी जिंकणार म्हणून माझ्याशी एक डॉलरची पैज लावायचा, आणि दर वेळी डॉलर आणून द्यायचा. ते सोळा डॉलर माझ्या खणात आहेत. गुरुवारी मी त्याला गेटपर्यंत सोडायला गेलो. हातात पुठ्ठ्याचं खोकं. त्याने एकच विचारलं, विमा कधीपर्यंत? मी म्हटलं, महिनाअखेर. त्याच्या बायकोला दिवसातून चारदा इन्सुलिन लागतं.

आता बघ. मिशिगनमध्ये बेकारभत्ता आठवड्याला जास्तीत जास्त ३६२ डॉलर. महिन्याला साडेपंधराशे धर. नोकरी गेल्यावर कंपनीचाच विमा पुढे चालू ठेवता येतो, पण सगळा हप्ता स्वतः भरायचा. त्या कायद्याला कोब्रा म्हणतात, नागाचंच नाव. कुटुंबाचा हप्ता हजार-अकराशे. उरले साडेचारशे. त्यात घराचा हप्ता, उणे वीसमध्ये गॅस, आणि पोट. आणि या वयात, या वर्षी, या शहरात त्याला कोण घेणार?

म्हणून माझं म्हणणं, आधी ते ३६२ आणि तो विमा. बाकी सगळं त्यानंतर. रस्ता बांधायला नकाशा लागतो, टेंडर लागतं, उन्हाळा लागतो. बेकारभत्ता शुक्रवारी मिळाला की शनिवारी दुकानात जातो, त्यावर दुकानदाराचं घर चालतं. करात सूट दिली तर ज्याला पगारच नाही त्याला काय? मसुद्यात कोब्राच्या हप्त्याचा मोठा वाटा सरकारने उचलायचा असं आहे, आणि राज्यांना गरिबांच्या दवाखान्यासाठी ८७ अब्ज. हे दोन कलम कुणी कापू नये म्हणून मी काल आमच्या खासदाराला पत्र लिहिलं. अकरा वर्षांत पहिलं. राज्याचं एक मोठं दुखणं असं की त्याला तूट चालतच नाही. कर आटला की राज्य शिक्षक कमी करतं, बस बंद करतं, नेमकं लोकांना जास्त लागतं तेव्हा. तिथे दिल्लीच्या, म्हणजे वॉशिंग्टनच्या पैशाशिवाय गत्यंतर नाही.

आता तुझ्या पत्रातला मुद्दा. तू लिहिलंस, तिकडे विमानाने भीक मागायला जाणाऱ्यांनाही पैसे मिळतात, आमच्या गिरण्यांना कुणी विचारलं? मी आठ दिवस मनात तुझ्याशी भांडतोय. गाडी कंपन्यांचे ते तिघे साहेब पैसे मागायला वॉशिंग्टनला आपापल्या विमानांनी गेले हे खरंच लाजिरवाणं होतं, डिसेंबरात गाडीने गेले तेव्हा उशीर झालेला. ११ डिसेंबरला सिनेटमध्ये सगळं फिसकटलं, तेही कामगारांचा पगार कधीपर्यंत परदेशी कारखान्यांएवढा खाली आणायचा त्या तारखेवरून! शेवटी बुशनी जाता जाता १७.४ अब्जांचं कर्ज दिलं. पण बाळ्या, फुकट नाही दिलं. १७ फेब्रुवारीला आराखडा दाखवा, ३१ मार्चपर्यंत तगून दाखवता येईल असं सिद्ध करा, नाहीतर पैसे परत. तारखा आहेत रे. आपल्याकडे तारीख एकच, १८ जानेवारी, संप सुरू झाल्याची. संपल्याची तारीख मला आजपर्यंत कुणी सांगितली नाही. अडीच लाख माणसं दारात उभी आणि पुढे काय ते दत्ता सामंतांना माहीत नाही, मालकांना सांगायचं नाही, सरकारला ऐकायचं नाही. ८३ मध्ये तेरा गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या हे तू विसरतोस. विचारलं होतं, पण यंत्रांना, साच्यांना. तुझ्या दादांना नाही.

आणि मला भीती तीच वाटते, इथेही. अॅन आर्बरच्या एका संस्थेने हिशोब केला, तिन्ही कंपन्या पूर्ण बंद पडल्या तर पहिल्याच वर्षी तीस लाखांच्या आसपास नोकऱ्या जातील, कारण एका गाडीमागे आमच्यासारखे किती कारखाने आहेत. म्हणून कंपन्या वाचवल्या पाहिजेत असं मला मनापासून वाटतं. पण वाचवताना कंपनी उभी राहील, समभाग वर जाईल आणि माझा टूलरूमवाला साडेचारशे डॉलरात राहील, असंही होऊ शकतं. हायलंड पार्कला फोर्डचा जुना कारखाना आहे, १९१४ साली दिवसाला पाच डॉलर पगार जिथे सुरू झाला तो. परवा तिथून गाडी नेली. काचा फुटलेल्या, बर्फात कुत्र्याच्या पावलांचे ठसे. मला वाटलं आता भोंगा होईल.

आता जे खरं सांगायचंय ते.

काल मी टूलरूमवाल्याच्या घरी गेलो. पाकिटात थोडे पैसे घेऊन. त्याने दार उघडलं, आत बोलावलं, कॉफी दिली, बायकोशी ओळख करून दिली. पाकीट पुढे केलं तर त्याने ते उचलून माझ्या कोटाच्या खिशात नीट ठेवलं आणि वरून खिसा थोपटला. तसाच घरी आलो.

तुला आठवतं ना? अण्णांनी तुमच्या दारात तांदळाची गोणी ठेवली होती, पहिल्या पगाराची. रात्री, कुणी बघू नये म्हणून. सकाळी तू ती खांद्यावर घेऊन आमच्या दारात आलास. तेरा वर्षांचा होतास, गोणी तुझ्याहून जड. खाली ठेवलीस, माझ्याकडे बघितलं नाहीस. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. मरेपर्यंत त्यांनी ती गोष्ट काढली नाही, आणि तू नि मीही नाही.

काकूंना विचारशील? ती गोणी परत पाठवायची कुणी ठरवलं, दादांनी की त्यांनी? आणि त्या आठवड्यात तुम्ही काय खाल्लंत? आज विचारावंसं वाटतं.

डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नकोस. छकुलीची दहावी मार्चमध्ये ना, भूमितीची भीती गेली का? वहिनींना नमस्कार सांग, त्यांच्या हातच्या वड्या आल्या, फुटल्या होत्या, पण संपल्या.

मंगळवारी तुमच्याकडे रात्री साडेदहाला शपथविधी दिसेल. जागा राहा. आमचं वीस जणांचं खातं कॅन्टीनमध्ये बघणार आहे, मी टूलरूमवाल्यालाही बोलावलंय. येतो का बघू. संपलं की तुला फोन करतो, दोन मिनिटांचा नाही.

तुझा,
विन्या