शिल्लक कुणाची?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. संस्थेचा खजिनदार झालास, फार आनंद वाटला. पण 'बँकेत चांगली शिल्लक आहे, काळजी नाही' हे वाचलं आणि राहवेना, म्हणून लगेच लिहायला बसलो.

ती शिल्लक कुणाची आहे, ते आधी बघ. आमच्या नाट्यसंस्थेचे हिशेब हाती आले तेव्हा माझाही असाच समज झाला होता. पासबुकात आकडा भरभक्कम, आणि त्याच आठवड्यात प्रकाशयोजना सांभाळणारा मुलगा मानधनासाठी तिसऱ्यांदा दारात उभा. जुन्या खजिनदारांनी वही उघडली आणि एकेका रकमेवर पेन्सिलीने खूण केली: हा इमारत निधी, हे बालनाट्य शिबिराचं अनुदान, हा पुरस्काराचा कायम निधी, ज्याचं मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायचं. बिनखुणेची एकच ओळ उरली. तेवढ्यावर संस्था जेमतेम दीड महिना चालली असती. शिबिराच्या पैशातून तात्पुरते काढू या, असं मी म्हणालो. त्यांनी वही मिटली. त्या मुलाला मी काय सांगितलं, ते आठवलं की अजून लाज वाटते.

पण त्यांचंच बरोबर होतं. १९४३ साली स्थापन झालेली न्यूयॉर्क सिटी ऑपेरा ही संगीतनाट्य संस्था २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याआधी तूट भरण्यासाठी तिने कायम निधीलाच हात घातला होता. मुद्दल आटलं की व्याजही आटतं, आणि पुढच्या वर्षीचा खड्डा आणखी खोल होतो.

तूट दिसली की कार्यकारिणीत कुणीतरी म्हणेलच, 'कारभार नीट नाही.' दर वेळी ते खरं नसतं. विल्यम बॉमल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्येच हे दाखवून दिलं होतं. बीथोव्हेनची चौघांसाठी लिहिलेली रचना वाजवायला त्याच्या काळातही चौघे लागत, आजही चौघेच लागतात, आणि वेळही तेवढाच. कारखान्यात यंत्रं आली, कमी माणसांत जास्त माल निघू लागला, मजुरी वाढली. कलावंतालाही त्याच जगात घर चालवायचं असतं, म्हणून त्याचं मानधन वाढतं, पण तालीम काही आखडत नाही. नुसत्या तिकिटांवर हा मेळ बसणं फार कठीण. हे सभेत ठासून सांग, मान खाली घालू नकोस.

अनुदानांचं मात्र नीट बघ. पुष्कळ ठिकाणी आधी खर्च करायचा, मग पावत्या जोडायच्या, आणि पैसे महिन्यांनी येतात. ताळेबंदात येणं दिसतं, हातात रोख नसते. शिवाय कार्यक्रमाला पैसे देणारे पुष्कळ. भाडं, वीजबिल, हिशेबनिसाचा पगार यांना द्यायला कुणी तयार नसतं. अर्ज करताना व्यवस्थापन खर्चाची ओळ धीराने घाल. नाही म्हणाले तर म्हणू देत. आणि थोडी थोडी करून, कोणतीही अट नसलेली गंगाजळी उभी कर. निदान तीन महिन्यांच्या खर्चाएवढी. आम्हाला तेवढी जमवायला सहा वर्षं लागली.

मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद पाठव, आणि प्रत्येक ठेवीमागचं देणगीपत्रही शोधून ठेव. कुठली रक्कम कशाला बांधलेली आहे, ते त्यातच लिहिलेलं असतं. येत्या रविवारी मी येतोच, दोघं बसून एकेका ओळीवर खुणा करू.

तुझाच