यादीतून ऐरण खोडून टाक

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि त्यासोबतची यादी, दोन्ही मिळालं. यादी वाचून हसू आलं, रागावू नकोस. शिंगवाली ऐरण, तीन वजनांचे हातोडे, सहा तऱ्हेच्या सांडश्या, गॅसची भट्टी, ग्राइंडर, चामड्याचा एप्रन! कारखाना थाटतोयस की सुट्टीच्या दिवशी लोखंड ठोकायला बसतोयस? विचारलंस म्हणून सांगतो, यातलं निम्म्याहून जास्त आत्ताच खोड. ऐरणीवर पहिली काट मार.

चित्रातल्या लोहारापुढे ती देखणी ऐरण असते, म्हणून नव्या हौशी माणसाला आधी तीच हवी असते. कामाला खरं तर शिंग, म्हणजे तिचं बाजूला निघालेलं निमुळतं टोक, लागत नाही, घावाच्या खाली वजन लागतं. हातोडा जिथे पडतो तिथे सरळ खाली जितकं जड लोखंड, तितका घाव सळईत मुरतो. बाजूला पसरलेलं वजन फारसं कामी येत नाही. म्हणून रुळाचा जुना तुकडा मिळाला तर तो आडवा ठेवू नकोस, उभा रोव. वर ठोकायला जागा जेमतेम उरते, पण अख्खं वजन घावाखाली येतं. जाड पोलादी ठोकळा किंवा जुन्या यंत्राच्या शाफ्टचा तुकडाही चालेल. फक्त बिडाची स्वस्त ऐरण कुणी गळ्यात मारली तर घेऊ नकोस. तिच्यावर घाव मेल्यासारखा पडतो आणि कडा तुटतात.

कुठल्याही ऐरणीची पारख करायची असेल तर बेअरिंगची गोळी वीतभर उंचीवरून तिच्यावर सोड. तीन चतुर्थांश उंचीपर्यंत परत उसळली तर पृष्ठभाग उत्तम कडक आहे. साध्या नरम पोलादाच्या ठोकळ्यावर ती इतकी उसळणार नाही, तरी ठोकळा टाकून देऊ नकोस. लाल सळई त्याच्यापेक्षा कितीतरी मऊ असते, ती निमूट दबते. थंड लोखंड मात्र त्याच्यावर ठोकायचं नाही, खड्डे पडतील. उंचीचं म्हणशील तर सरळ उभा राहा, हात खाली सोड, मूठ आवळ. बोटांची पेरं जिथे येतात तिथे ऐरणीचा माथा हवा. त्याहून खाली असली तर संध्याकाळी कंबर धरून बसशील. आणि खणखणाट फार होत असेल तर एक जाड चुंबक बाजूला चिकटव, आवाज बराच बसतो. कानांत बोळे घालायचे ते तरीही घालायचेच.

यादीत ज्याला तू सगळ्यात कमी जागा दिलीस ती म्हणजे आग, आणि माझ्या मते निम्मी लोहारकी तिथेच आहे. वाईट ऐरणीवर चांगलं काम होतं. वाईट आगीवर होत नाही, मग ऐरण कसलीही असो.

सुरुवातीला गॅसच्या मागे लागू नकोस. लाकडाची किंवा पत्र्याची उथळ पेटी घे, तिच्यात माती आणि वाळू कालवून दाबून बसव, मधे लांबट खळगा ठेव. बाजूने इंचभर व्यासाची लोखंडी नळी खळग्याच्या तळाच्या जरा वर आणून सोड. नळीला हाताचा भाता जोड, नाहीतर छोटा ब्लोअर. झाली भट्टी. केस वाळवायचं यंत्र काहीजण लावतात, पण त्याचा वारा लाकडी कोळशाला फार होतो. लावायचंच असेल तर मधे झडप बसव, म्हणजे जास्तीचा वारा बाहेर सोडता येईल. कोळसा लाकडाचाच घे. दगडी कोळशाने ताप चांगला मिळतो, पण त्याचा धूर आणि तळाशी वितळून साठणारं कीट सांभाळणं हे वेगळंच शिक्षण आहे, ते नंतर. अस्तराला सिमेंट काँक्रीट वापरू नकोस, नदीतले गोटेही नकोत. आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की ते फुटून तुकडे उडतात.

आता आगीच्या आत काय चालतं ते नीट वाच. नळीच्या तोंडाशी हवा भरपूर, म्हणजे ऑक्सिजन शिल्लक असतो. तिथे सळई ठेवलीस तर तापते खरी, पण तिचं अंगही जळतं, पापुद्रे सुटतात. जरा वर, चार-पाच इंचांवर, कोळशाने बहुतेक ऑक्सिजन खाऊन टाकलेला असतो. ताप तितकाच, पण लोखंड खराब होत नाही. सळई तिथे, आडवी, आणि तिच्या डोक्यावरही निखाऱ्यांचा थर हवा. नवा माणूस घाई झाली की सळई खाली नळीकडे खुपसतो आणि वारा वाढवतो. तापायला वेळ लागत असेल तर वारा वाढवण्याआधी कोळसा घाल. बाहेर काढल्यावर सळईवरून जाड खपल्या गळत असतील तर वारा जास्त आहे. टोकातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागल्या तर ते टोक जळालं, कापून टाक. ते पुन्हा गरम करून सुधारत नाही.

भट्टी सावलीत मांड. उन्हात रंग दिसत नाहीत आणि रंग हेच तुझं थर्मामीटर. अंधुक लाल म्हणजे साधारण 700 अंश सेल्सिअस, नारिंगी 950 च्या आसपास, पिवळा 1100 च्या वर. साध्या नरम लोखंडाला नारिंगी ते पिवळ्यात ठोक, अंधुक लाल झालं की थांब आणि परत आगीत घाल. ‘अजून दोन घाव बसतील’ हा मोह सोड. त्या दोन घावांनी आकार बदलत नाही, मनगट मात्र दुखतं.

गॅसच्या भट्टीचंही सांगून टाकतो, कारण पुढेमागे तू घेणारच. स्वच्छ आहे, पटकन पेटते, रोज एकसारखा ताप देते. पण आतलं सिरॅमिक लोकरीचं अस्तर उघडं ठेवू नकोस, त्याचे बारीक तंतू फुफ्फुसात जातात. आधी ते कडक करणारं द्रावण, मग उष्णतारोधक लेप, मगच आग. कोळसा असो वा गॅस, बंद खोलीत कधीच नाही. जळताना निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हातोडा एकच घे, किलोभराचा. जड हातोड्याने काम लवकर होतं हा गैरसमज आहे. दमलेला हात वाकडा घाव घालतो, आणि वाकडे घाव सरळ करण्यात दुपटीने वेळ जातो. नव्या हातोड्याच्या कडा धारदार असतात, त्या आधी घासून गोल कर, नाहीतर प्रत्येक घावाची अर्धचंद्राकार खूण लोखंडावर उमटत राहील. हातोड्यावर हातोडा कधी मारू नकोस. दोन्ही तोंडं कडक असतात, कपची उडाली तर गोळीसारखी लागते. त्याच कारणाने चष्मा पहिल्या दिवसापासून.

सांडश्या सहाच्या सहा खोड. हातभर लांब सळई घेतलीस की दुसरं टोक हातात धरता येतं. दांडा तोच, सांडशीही तीच, शेवटी वस्तू कापून वेगळी करायची. सैल सांडशीसारखी धोक्याची चीज या कामात दुसरी नाही. पकडीत न बसणारा लाल तुकडा घाव बसताच फिरतो आणि कुठे जाईल सांगता येत नाही. म्हणून जेव्हा घेशील तेव्हा ज्या मापाची सळई वापरतोस त्या मापाची एकच घे. तोंड बसत नसेल तर सांडशीच गरम कर आणि त्या सळईवर ठोकून बसवून घे.

लोखंड कुठलं? साधी नरम सळई, दहा-बारा मिलिमीटरची, चौकोनी मिळाली तर उत्तम. बांधकामाच्या सळईत काय काय मिसळलंय याचा भरवसा नसतो, त्यामुळे शिकायला ती नको. जस्ताचा मुलामा असलेलं काहीही आगीत घालू नकोस. जस्त 907 अंशांना उकळतं, म्हणजे तुझ्या भट्टीत नक्कीच, आणि तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. दोन्ही तोंडं बंद असलेली नळीही नाही, आतली हवा फुगून फुटते. गाड्यांच्या जुन्या पाट्या, म्हणजे स्प्रिंगच्या, जपून ठेव. त्यात साधारण 0.6 टक्के कार्बन असतो, छिन्नी आणि सुंबा (भोक पाडायचं हत्यार) करायला पुढे लागतील.

पहिलं काम म्हणून सुरी करायला घेऊ नकोस, तुझ्या मनात तेच आहे हे मला पत्रातून कळलं. नुसतं टोक काढ. सळईचं टोक ऐरणीच्या पलीकडच्या कडेजवळ टेकव, मागचा हात किंचित उचल, हातोडाही तितकाच तिरका ठेव. दोन घाव, पाव फेरा फिरव, दोन घाव, परत आधीच्या बाजूवर. गोल सळई असली तरी टोक आधी चौकोनीच काढायचं, मग कोपरे मारून अष्टकोनी, मग गोल. सरळ गोल करत गेलास तर आतून फाट पडते. फिरवताना पाव फेरा नीट झाला नाही तर चौकोन कलंडतो. तसं दिसताक्षणी, गरम आहे तोवर, वर आलेल्या कोपऱ्यांवर हलके घाव घालून तो सरळ कर. पुढे नेत राहिलास तर तो आणखी तिरपा होत जातो. टोक सरळ आणि एकसारखं निमुळतं यायला लागलं की त्याच टोकाचा आकडा वळव.

छिन्नीपर्यंत पोचशील तेव्हा पाणी देण्याचा, म्हणजे पोलाद तापवून झटकन थंड करून कडक करण्याचा, प्रश्न येईल. चुंबक दोरीला बांधून जवळ ठेव. साधारण 770 अंशांना पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. त्याहून रंग किंचित उजळ झाला की धार कोमट खाद्यतेलात बुडव. वापरलेलं इंजिन ऑइल नको, त्याचा धूर वाईट. तेलाचं भांडं धातूचं, आणि शेजारी त्याला घट्ट बसणारं झाकण, कारण कधीतरी ते पेट घेतंच. मग धार घासून चकचकीत कर आणि मागच्या बाजूने हळूहळू ताप दे. आधी फिकट पिवळा रंग सरकत येईल, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. छिन्नीची धार जांभळी झाली की विझव. इतका कडकपणा उतरवला नाहीस तर पहिल्याच घावाला तुकडा निघेल.

कपडे सुती, पायात बंद बूट, पँट बुटांच्या वरून. हातोड्याच्या हातात मोजा नको, घसरतो. आणि एक सवय आजपासून लाव. काळं दिसणारं लोखंड थंड आहे असं धरून चालायचं नाही. 400 अंशांचं लोखंड अगदी काळं, निरुपद्रवी दिसतं. उचलण्याआधी हाताची पाठ त्याच्याजवळ नेऊन बघ, आणि कुणी पाहुणा आला तर त्याला तुझ्या कामाच्या जागेत कशालाही हात लावू देऊ नकोस.

ग्राइंडर ठेव, तो लागेल. गार्ड काढू नकोस म्हणजे झालं. एप्रन हवा तर घे, फोटोत बरा दिसतो.

उत्तरात दोन गोष्टी कळव: मूठ आवळल्यावर पेरं जमिनीपासून किती उंचीवर येतात, आणि रुळाचा तुकडा मिळाला तर तो किती लांब आहे. त्यावरून तो तुकडा उभा बसवायच्या लाकडी ओंडक्यात किती खोल खाच घ्यायची ते लिहून पाठवतो.

तुझा,
जुना मित्र