चष्मा काढून देणाऱ्या काकांना

सा. न. वि. वि.

काका, तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही 'आधी चहा घे' म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. नातीकडून वाचून घ्या.

तैलरंग शिकायचे म्हणून मी एका क्लासला आठ रविवार पैसे भरून बसले होते. नक्कल करायला डच चित्रकार व्हर्मिरची दूध ओतणारी बाई घेतली. चित्र १६५८ ते ६० च्या सुमाराचं, अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं. मूळ चित्र जेमतेम साडेपंचेचाळीस बाय एकेचाळीस सेंटिमीटर. पिवळं पोलकं, निळा एप्रन, टेबलावर पाव आणि भांड्यातून पडणारी दुधाची बारीक धार. वाटलं, रोज सकाळी मीही हेच करते, जमेल.

सरांनी काय केलं, तर सहाव्या रविवारी माझ्या हातातून ब्रश घेतला आणि दहा मिनिटांत बाईचा चेहरा स्वतःच रंगवून टाकला. 'बघा, आला की नाही?' आला ना. घरी सगळ्यांनी नेमकं त्या चेहऱ्याचंच कौतुक केलं. मी तो कॅनव्हास कपाटामागे उभा करून ठेवला आणि उरलेले दोन रविवार गेलेच नाही. पैसे परत मागितले, तर 'पॉलिसी नाही'.

मग दुसरा कॅनव्हास आणला, घरीच सुरुवात केली. टर्पेंटाइनचा वास येतो म्हणून मजल्यावरचे दोघं तक्रार घेऊन आले. तिसरे तुम्ही. दारात उभं राहून तुम्ही छातीभर श्वास घेतलात आणि विचारलंत, 'कोण रंगवतंय?' सिनेमाच्या बॅनरवर तीस वर्षं घालवलेला आणि फ्लेक्स आल्यावर ब्रश ठेवून दिलेला माणूस खालच्याच मजल्यावर राहतो, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं नुसतं 'काय काका, बरंय ना' चालू होतं आपलं!

माझं चित्र तुम्ही बराच वेळ पाहिलंत. हात मागे बांधलेले. मला वाटलं, आता ब्रश मागणार. तुम्ही चष्मा काढलात, सदऱ्याच्या टोकाने पुसलात आणि माझ्या नाकावर ठेवलात. 'आता बघ.'

तुमचा नंबर केवढा जाड! टोपली गेली, पाव गेला, भिंतीतला खिळा गेला. मूळ चित्राच्या प्रिंटमध्ये उरले ते फक्त उजेडाचे आणि काळोखाचे चार-पाच डाग. आणि माझ्या कॅनव्हासवर? सगळीकडे सारखाच करडा चिखल. महिनाभर मी बाईच्या पापण्या रंगवत बसले होते, आणि खिडकीतून उजेड येतो हेच रंगवायचं राहिलं होतं.

पण काका, मला आठवतं ते वेगळंच. मी चष्म्यातून पाहत होते तोवर तुम्ही टेबलाची कड धरून उभे होतात. तुम्हाला काही दिसत नव्हतं. पाय उचललात तर तेलाची बाटली लवंडेल म्हणून जागचे हलला नाहीत. दहा-पंधरा मिनिटं. 'झालं का?' असं एकदाही विचारलं नाहीत.

नंतरच्या गोष्टी काय, खालचा थर पातळ, वरचा तेलकट, हे कुठल्याही पुस्तकात मिळतं. पण तिच्या पाठीच्या कडेने व्हर्मिरने एक बारीक पांढरी रेघ ओढलीय, ती तुम्ही बोट न लावता दाखवलीत आणि हसलात. 'हिरोच्या खांद्यामागे आम्ही हेच मारायचो, भिंतीतून सुटून पुढे येतो माणूस.' क्लासमधल्या सहा रविवारांत ती रेघ मला कुणी दाखवली नव्हती.

गच्च भरलेल्या लोकलमध्ये न सांगता जरा सरकून चौथ्या सीटची जागा करणारी माणसं असतात ना, तुम्ही त्यातले. अशा माणसांना फी विचारायचीही लाज वाटते. मी विचारली, तर तुम्ही म्हणालात, 'वास घ्यायला येत जाईन.'

चेहरा या वेळी जरा वाकडा झालाय, नाक मोठं आलंय. पण माझ्या हातचा आहे. खिळा आणि त्याची सावली तेवढी राहिलीय. रविवारी दुपारी या. टर्पेंटाइनची बाटली मुद्दाम उघडी ठेवते. चष्मा लागेलच.

तुमची,
वरच्या मजल्यावरची