डॉक्टरकाका, तो चहाचा बोळा

डॉक्टरकाका,

अण्णांना, माझ्या वडिलांना, जाऊन आज सोळा दिवस झाले. तेरावं झालं, पाहुणे गेले, घर एकदम रिकामं झालंय आणि आता कुठे लिहायला बसले. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही, पण साताऱ्यात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. समोर आलात की मला रडू येतं आणि तुम्ही लगेच "आईचं बीपी बघितलंस का" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, इथे तुम्हाला मला थांबवता येणार नाही.

आधी थोडा राग काढते. अण्णांना स्वादुपिंडाचा कॅन्सर, कळला तेव्हा लिव्हरपर्यंत गेलेला. पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात तीन महिने खेपा घातल्या, दागिने मोडले, आणि एक दिवस तिथले मोठे डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, आता ट्रीटमेंटचा उपयोग नाही, घरी घेऊन जा. बरं नेतो, पण घरी नेऊन करायचं काय? दुखलं तर काय द्यायचं, रात्री कोणाला फोन करायचा, काही नाही, हातात फाइल दिली आणि पुढचा पेशंट आत. अण्णा तिथेच खुर्चीत होते. ३१ वर्षं एसटीत कंडक्टर, सातारा-मेढा-महाबळेश्वर करताना केळघरच्या घाटात उलट्या करणाऱ्या पोरांना लिंबू देणारा माणूस, त्यांच्याशी एक शब्द कोणी बोललं नाही. मला त्या डॉक्टरांचं निदान चुकलं असं म्हणायचं नाहीये, निदान बरोबरच होतं. पण त्यांच्या तोंडून "दुखतंय का हो?" एवढं पण निघालं नाही, याचा मला अजून संताप येतो.

आणि दुखत होतं हो. पोटातून सुरू होऊन आरपार पाठीत जायचं. आडवं पडलं की वाढायचं म्हणून रात्र रात्र कॉटच्या कडेला बसून, पोटाशी उशी आवळून, पुढे वाकून काढायचे. ओरडायचे नाहीत. आई पाठीवरून हात फिरवत बसायची आणि पहाटे दोघं तसेच बसल्या बसल्या डुलकी घ्यायचे. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी आई म्हणाली, अगं आपल्या डॉक्टरांना तरी सांग की, आणि मला इतकी लाज वाटली, कारण लहानपणी गोवर-कांजिण्या, माझं बाळंतपण, सगळ्याला तुम्ही आणि एवढा मोठा आजार आल्यावर आम्ही तुम्हाला साधं कळवलं पण नव्हतं, मोठ्या आजाराला मोठी बिल्डिंग लागते असं डोक्यात बसलेलं.

तुम्ही दुपारी दवाखाना बंद करून आलात. कोण चुकलं, आधी का नाही सांगितलं, एक शब्द नाही. कॉटवर अण्णांच्या शेजारी बसलात, ते वाकून बसलेले तर तुम्ही पण तसेच वाकून बसलात, आणि विचारलंत, "भाऊ, जास्त कधी दुखतं, रात्री का?" आणि मग पाऊण तास फक्त ऐकलंत.

मॉर्फिनचं, म्हणजे अफूपासून होणाऱ्या दुखण्यावरच्या जोरदार औषधाचं, नाव काढल्यावर आत्या घाबरली, सवय लागेल, माणूस झोपूनच राहील. तुम्ही तिला नीट समजावलंत की दुखणाऱ्या माणसाला मोजून दिलेली गोळी ही नशा नव्हे, दुखणं उठायची वाट बघायची नाही, घड्याळ बघून दर चार तासांनी द्यायची, आणि पोट साफ व्हायचं औषध सोबत द्यायचंच द्यायचं. कालनिर्णयच्या मागच्या बाजूला वेळा लिहून दिल्यात, ते पान आईने अजून काढलेलं नाही. साताऱ्यात मी चार मेडिकल फिरले, एकाकडे गोळी नाही, एकाने तर माझ्याकडे असं बघितलं की मी गर्द मागायला आलेय. तेव्हा तुम्ही सांगितलंत की १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा इतका कडक होता की दुकानदार काय, हॉस्पिटलं पण मॉर्फिन ठेवायला घाबरायला लागली, २०१४ ला कायदा सैल केला पण भीती गेली नाही. मध्य प्रदेश, राजस्थानात सरकारी परवान्याने अफू पिकते, त्यातून औषधं होतात, आणि माझ्या बापाला एक गोळी मिळत नव्हती. मग तुम्हीच फोन केलेत, चिठ्ठी दिलीत, दादा पुण्याला जाऊन घेऊन आला. पुण्यातच वारज्याला १९९७ पासून सिप्ला या औषध कंपनीचं पॅलिएटिव्ह सेंटर आहे, म्हणजे अशा पेशंटचं दुखणं आणि त्रास कमी करणारं, तिथे पेशंटकडून पैसे घेत नाहीत, हे पण आम्हाला तुमच्याकडून कळलं. तीन महिने पुण्यात काढून आम्हाला हे माहीत नव्हतं! कोणी सांगितलंच नाही.

तिसऱ्या रात्री अण्णा पाठीवर आडवे होऊन झोपले. आई दोनदा उठून श्वास चाललाय ना बघून आली.

पण मला लिहायचंय ते चहाचं.

शेवटच्या आठवड्यात अण्णांचं खाणं बंद झालं, घोटभर पाण्याने पण ठसका लागायला लागला. आम्ही त्यांना वास येऊ नये म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून चोरासारखे जेवायचो. घरात चहा बंद. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक स्टँडवर चहा घेतला त्याच्यासमोर कप कसा न्यायचा? आत्याचं चालू होतं सलाईन लावा, नळी घाला, उपाशी मारताय का. तुम्ही तिला बाजूला घेऊन सांगितलंत की आता शरीरालाच भूक राहिलेली नाही, सलाईन भरलं तर पाणी छातीत साठून दम लागेल, आणि हा निर्णय माझा आहे, पोरांना बोल लावू नका. तो बोल तुम्ही स्वतःवर घेतलात, मी ते दारामागून ऐकलं.

मग तुम्ही आत येऊन मोठ्याने म्हणालात, "वहिनी, चहा टाका. दोन कप. एक भाऊंचा." आई बघतच राहिली. कप आला तसा तुम्ही तो बशीत ओतून गार केलात, बोटाला गॉज गुंडाळून बोळा केलात, चहात बुडवून नीट पिळलात आणि अण्णांच्या सुकलेल्या ओठांवरून, मग हिरड्यांवरून, जिभेवरून हळूहळू फिरवलात. अण्णांनी डोळे मिटलेलेच होते, पण ओठ हलले, त्यांनी तो बोळा चोखला. आणि मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "साखर कमी हाय."

आई हसली. दोन महिन्यात पहिल्यांदा. तुम्ही उठून स्वतः साखरेचा डबा आणलात.

पाण्याने ओठ ओले करा एवढं सांगून तुम्ही जाऊ शकला असता, तेवढंही पुरलं असतं. पण पाणी कशाला, भाऊंना चहा आवडतो, हे तुमच्या लक्षात होतं. पुढचे पाच दिवस आई रोज सकाळ-संध्याकाळ तसा चहा द्यायची, घराला परत आल्याच्या चहाचा वास यायला लागला, स्वयंपाकघराचं दार उघडं राहायला लागलं. आपण बापासाठी काहीतरी करतोय असं वाटायचं, नुसते बघत बसलोय असं नाही. डेपोतले जुने ड्रायव्हर भेटायला यायचे ते पण त्यांच्याजवळ बसून चहा प्यायचे आणि गप्पा मारायचे. किती साधी माणसं, कोणी हात धरून बसायचं, कोणी न सांगता दळण आणून ठेवायचं. चांगुलपणा बघायला लांब जावं लागत नाही, आमच्या गल्लीत भरपूर निघाला, फक्त आजारी माणसाच्या जवळ कसं बसायचं ते तुम्ही आम्हाला दाखवलंत.

शेवटच्या रात्री घशात घरघर सुरू झाली. याचं तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत, ऐकायला भयंकर वाटतं पण त्यांना त्रास होत नसतो, कुशीवर वळवा आणि मला फोन करा, घाबरून ॲम्ब्युलन्स बोलवू नका. रात्री अडीचला तुम्ही स्कूटरवरून आलात, स्वेटर उलटा घातलेला. अण्णा स्वतःच्या कॉटवर, आईच्या हातात हात असताना गेले. तुम्ही सर्टिफिकेट नंतर लिहिलंत, आधी आईच्या शेजारी जमिनीवर बसलात.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. दादाने पाकीट ठेवलं ते कंपाउंडरकाकांच्या हाती परत आलं, त्यावर नाही बोलत.

मॉर्फिनच्या अकरा गोळ्या उरल्यात, आईने मोजून डबीत ठेवल्यात, अशा घरात पडू द्यायच्या नाहीत म्हणाला होतात ना. सोमवारी दवाखाना सुटायच्या वेळेला घेऊन येते. आई थर्मासमध्ये चहा पाठवणार आहे, साखर तिने आत्ताच विचारून ठेवलीये, तुम्हाला किती लागते ते कळवा.

तुमची,
कंडक्टरांची धाकटी