नाशिकमध्ये जगाच्या भाषांचा डिग्री कोर्स कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचा निकाल लागला की कॉलेज रोड, गंगापूर रोडला परदेशी भाषांच्या क्लासचे बोर्ड वाढायला लागतात, जर्मन, जपानी, फ्रेंच, खाली ए१ ए२ बी१ अशा भाषेच्या पातळ्या आणि त्याच्या खाली व्हिसासाठी मदत. मी स्वतः जर्मन शिकले ती पुण्याला, फर्ग्युसन रोडवरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परदेशी भाषा विभाग आहे तिथे, आणि गेली बरीच वर्षं नाशकात बसून सातपूर-अंबडच्या कंपन्यांसाठी मशीनची मॅन्युअल्स आणि पत्रव्यवहार भाषांतर करून देते, म्हणून या विषयावर लिहावंसं वाटलं.

क्लासवाल्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला, तिकडे नर्स म्हणून नोंदणी हवी असेल तर साधारण बी१ च्या वरची बी२ पातळी लागते, तर मुलंमुली धडपडून शिकतायत आणि आईवडील पै पै जमवून फी भरतायत, हे कौतुकाचंच आहे. पण ही मुलं माझ्याकडे कागदपत्रांच्या निमित्ताने येतात तेव्हा थोडं बोलणं होतं आणि जीव तुटतो हो. व्याकरण चोख असतं, पण १९९० पर्यंत जर्मनी दोन देश होते हे माहीत नसतं. आता विचार करा, उद्या तिकडच्या वृद्धाश्रमात ही आपली नाशिकची मुलगी ज्या नव्वदीतल्या आजीला आंघोळ घालणार, जेवण भरवणार, ती आजी १९४५ मध्ये लहान पोरगी होती, तिने बॉम्बहल्ल्यात जळलेलं शहर बघितलंय, कदाचित घरदार सोडून पूर्वेकडून चालत आलीये, ती एका विषयावर का गप्प होते आणि दुसऱ्या विषयावर का रडते हे बी२ च्या पेपरात कुठे येतं? हे कळायला त्या देशाचा इतिहास, साहित्य, धर्म, घरातली माणसं कशी वागतात हे सगळं भाषेसोबतच शिकावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. तो वेळ युनिव्हर्सिटीच देऊ शकते, चार-सहा महिन्यांच्या बॅचमध्ये ते बसणारच नाही, त्यात क्लासवाल्याचाही दोष नाही.

रशियाला एमबीबीएसला जाणाऱ्या मुलांचं तेच. लेक्चर इंग्रजीत मिळतात पण वॉर्डात पेशंट रशियनच बोलतो.

आणि दुसरी बाजू बघा, आपल्याबद्दल बाहेरच्यांनी किती खोलात जाऊन अभ्यास केलाय. आपली पांडवलेणी, शाळेच्या सहलीला सगळेच जाऊन आलोत, तिथले ब्राह्मीतले प्राकृत लेख नीट वाचून संपादित करून छापले ते एमिल सेनार नावाच्या फ्रेंच विद्वानाने, १९०५-०६ च्या एपिग्राफिया इंडिका या जुने कोरीव लेख छापणाऱ्या नियतकालिकाच्या आठव्या खंडात, आजही अभ्यासक तेच काढून बघतात. त्याच लेण्यांत १७ नंबरच्या लेण्यात लिहिलंय की हे लेणं धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने दिलं, तो उत्तरेकडच्या दत्तामित्री नावाच्या गावचा यवन, म्हणजे ग्रीक होता. म्हणजे जग आपल्या दारात किती जुन्या काळापासून येतंय! पुढे तर गुंथर सोन्थायमर यांनी जर्मनीच्या हायडलबर्ग विद्यापीठात राहून आपल्या खंडोबावर आणि धनगरांच्या ओव्यांवर आयुष्य घातलं, वाड्या-वस्त्यांवर धनगरांबरोबर हिंडले. हे शक्य झालं कारण तिकडच्या विद्यापीठांनी आपल्या भाषांसाठी जागा केली, शिक्षक नेमले, लायब्ररी उभी केली, आणि या सगळ्यातून लगेच नोकऱ्या किती लागतील असा हिशोब मांडत बसले नाहीत. आपल्याकडून असा कोणी जर्मन खेड्यातल्या देवाचा किंवा जपानी शेतकऱ्यांच्या गाण्यांचा अभ्यास करून मराठीत लिहिणारा कितीजण सांगू शकाल? मला तरी एका हाताची बोटं पुरतात आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

मराठीत परदेशी पुस्तकं येतात ती बहुतेक इंग्रजीवरून, म्हणजे रशियन माणूस आपल्याला भेटतो तो आधी इंग्रज होऊन. सोव्हिएत काळात मॉस्कोहून थेट मराठीत छापलेली स्वस्त आणि सुंदर पुस्तकं यायची, आमच्या पिढीतल्या कित्येकांच्या घरी ती अजून असतील, १९९१ नंतर ते बंद झालं आणि ती जागा रिकामीच राहिली. ती भरायची तर दोन्ही भाषांत घर केलेली माणसं लागतात, ती तयार व्हायला वर्षं जातात. आणि जगाच्या भाषा म्हटलं की फक्त युरोप डोळ्यासमोर आणू नये असं मला मनापासून वाटतं. मुघल काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणायचे, तेव्हाच्या कारभाराचे कागद फारसीत आहेत, ते वाचणारं माणूस शोधायला गेलात तर दमछाक होईल. मालेगावात उर्दू घराघरात आहे, तिथल्या मुलांना फारसी-अरबी विद्यापीठाच्या पातळीवर शिकायला मिळाली तर ती या कामात सगळ्यांच्या पुढे जातील.

आत्ता काय होतं, ज्या मुलाला बारावीनंतर खरंच भाषेत बी.ए. करायचंय त्याला दिल्लीला जेएनयू सांगावं लागतं, तिथे सीयूईटी ही प्रवेश परीक्षा देऊन जपानी, कोरियन, चिनी, अरबी, फारसी, स्पॅनिश अशा भाषांत ऑनर्स करता येतं, नाहीतर हैदराबादची इफ्लू म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ, नाहीतर पुणे-मुंबई. ज्या घरात हॉस्टेलचा खर्च झेपत नाही, किंवा मुलीला एवढ्या लांब पाठवायला नको म्हणतात, तिथे विषय तिथेच संपतो. आणि हे अशा जिल्ह्यात, जिथली द्राक्षं दर सीझनला नेदरलँड्स, जर्मनी, इंग्लंड, रशियापर्यंत जातात.

नव्या शैक्षणिक धोरणात मेजर म्हणजे मुख्य विषयासोबत मायनर म्हणजे दुय्यम विषय घ्यायची सोय आहे, त्याचा उपयोग करा ना. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं उपकेंद्र दिंडोरी तालुक्यात शिवनईला आहे, मुक्त विद्यापीठाचं तर मुख्यालयच गोवर्धनला. सुरुवात दोनच भाषांनी करा, एक युरोपातली एक आशियातली, पण भाषेबरोबर त्या देशाचा इतिहास, साहित्य आणि भाषांतराचा पेपर सक्तीचा ठेवा. इतिहास, कॉमर्स, शेती शिकणाऱ्या मुलालाही ते मायनर म्हणून घेता आलं पाहिजे. आणि कृपा करून शिक्षक सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर नेमू नका. तासाला इतके रुपये, तेही महिनोन्‌महिने अडकलेले, यावर पुण्याहून एम.ए. झालेली चांगली मुलगी इथे टिकणार नाही, ती आयटी कंपनीत जाईल आणि कोर्स दोन वर्षांत बंद पडेल, मग परत म्हणणार नाशकात रिस्पॉन्स नाही.

पालक मला पहिला प्रश्न स्कोप काय हाच विचारतात. स्कोप आहे, भाषांतर आहे, एक्स्पोर्ट आहे, टुरिझम आहे, २०२७ च्या कुंभाला परदेशी लोक येतील तेव्हा त्र्यंबकला आणि गोदाकाठी आपल्या परंपरा त्यांच्या भाषेत नीट समजावणारे लागतीलच. पण मी त्यांना हेही सांगते की एखाद्या मुलाला फक्त गोडी म्हणून कोरियन किंवा फारसी शिकायची असेल तरी त्याला शिकू द्या, ते काही वाया गेलेलं शिक्षण नाही.

आपल्या वार्ताहरांनी दोन्ही विद्यापीठांच्या अधिकाऱ्यांना हा प्रश्न प्रवेशाच्या आधी विचारावा आणि ते जे उत्तर देतील ते छापावं एवढी विनंती आहे.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक